कुणाचं चालतं?

परभणीहून जिंतूरकडे निघालं की झरीच्या पुढे बोरी लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं. खरिपात सोयाबीन, कापूस, मध्ये तुरीच्या ओळी. रब्बीत ज्वारी नाहीतर हरभरा. श्रावणात या रस्त्यानं जाताना खुरपायला बसलेल्या बायका दिसतात. प्रत्येकीनं आपली पात धरलेली, अंगात नवऱ्याचा जुना सदरा, डोक्याला फडकं. पात बांधाला लागेपर्यंत कुणी पाठ सरळ करत नाही.

या शिवारात मी एका पाहणीची प्रश्नावली घेऊन हिंडत होते, त्याला आता बरीच वर्षं झाली. एका घराच्या ओसरीवर बसून मी घरातल्या बाईंना विचारलं, "कापूस कधी विकायचा, हे घरात कोण ठरवतं?" उत्तर आलं ते दारात उभ्या असलेल्या त्यांच्या मालकांकडून. "दोघं मिळून." बाईंनी मान हलवली. माझ्या कागदावर तीन चौकटी होत्या : स्वतः, नवरा, दोघे मिळून. मी तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या दिवशी ज्या ज्या घरात गेले, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी खूण तिसऱ्याच चौकटीत पडली.

दुसऱ्या दिवशी त्याच बाई रानात भेटल्या. मी त्यांच्या शेजारची पात धरली. हात चालू असला की बोलणं सोपं जातं. कालचाच प्रश्न पुन्हा निघाला. त्या म्हणाल्या, "इचारतेत की. 'इकू का' म्हणतेत. मी 'इका' म्हणते. 'नका' म्हणलं तर काय होतंय, ते मी कधी म्हणूनच बघितलं नाई."

आदल्या दिवशीची माझी खूण खोटी होती असं नाही. नवरा विचारत होता, हे खरंच होतं, आणि न विचारणाऱ्या घरांपेक्षा ते घर निश्चित पुढे होतं. पण मी मोजायला गेले होते एक आणि मोजून आणलं भलतंच. विचारणं मोजलं, तिचा शब्द किती चालतो, ते मोजायचं राहिलं. शेतीविकासाच्या योजनांमधून स्त्रियांचं सक्षमीकरण किती झालं, हे मोजणाऱ्या माणसांसाठी ही पुस्तिका आहे. गावोगावच्या कृषी सखी, बचत गटांचे हिशेब ठेवणाऱ्या ताई, कृषी सहायक, पाहणीला येणारे विद्यार्थी आणि त्यांनी भरलेले कागद वाचून निर्णय घेणारे अधिकारी, हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

'सक्षमीकरण' हा शब्द बोरीच्या बाजारात कुणाच्या तोंडी ऐकू येत नाही. तिथे दुसरा शब्द आहे आणि तो फार नेमका आहे : चालणं. त्या घरात कुणाचं चालतं? सुनेचं काही चालू देत नाहीत. हिचं माहेरी चालायचं, सासरी नाही. माझं काय चालतंय, बाई! या क्रियापदाला जे कळतं, ते पुष्कळ प्रश्नावल्यांना कळत नाही. दोघांचं एकमत असेल तेव्हा कुणाचं चालतं, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. मतं वेगळी पडली आणि तरी एकाच्या मनासारखं झालं, तेव्हा ते दिसतं. नायला कबीर यांनी 1999 साली लिहिलेल्या आणि आजही या क्षेत्रात आधाराला घेतल्या जाणाऱ्या लेखात हाच मुद्दा शास्त्रीय भाषेत मांडला होता. ज्याला पूर्वी निवड करण्याची मुभाच नव्हती, त्याला ती मिळणं, म्हणजे सक्षमीकरण. त्यासाठी हाताशी साधनं हवीत, ती वापरण्याचं कर्तेपण हवं आणि त्यातून काही निष्पन्नही व्हायला हवं. बोरीच्या बाई या तीनपैकी मधल्या गोष्टीबद्दल बोलत होत्या.

मराठवाड्यात योजनांची वाण नाही. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे आणि त्याच्या गृहविज्ञान शाखेनं शेतकरी स्त्रियांचे काबाडकष्ट कमी करण्यावर पुष्कळ काम केलं आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 सालचं. 2007 नंतर आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्यानं त्याचा तेजस्विनी कार्यक्रम राज्यभर पसरला आणि गटांची लोकसंचालित साधन केंद्रं उभी राहिली. 2011 साली 'उमेद' हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं. 2018 पासून जागतिक बँकेच्या कर्जावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या 15 जिल्ह्यांत आणि पाच हजारांवर गावांत परभणी जिल्हाही होता. या सगळ्यांतून बायका पहिल्यांदा बँकेची पायरी चढल्या, पहिल्यांदा चारचौघांत उभ्या राहून बोलल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि ते कमी लेखण्याची माझी तयारी नाही.

मात्र अहवालात जे येतं ते बहुतेक हजेरीपटातून आलेलं असतं. किती गट, किती बैठका, किती प्रशिक्षणं, त्यांत किती महिला. हे आकडे योजनेनं किती काम केलं ते सांगतात. बाईच्या घरात काय बदललं, ते त्यांतून कळत नाही. भर खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराला ग्रामपंचायतीत प्रशिक्षण ठेवलं तर येणाऱ्या बाईचा एक रोज बुडतो. पटावर तिची सही म्हणजे एक लाभार्थी. तिच्या हिशेबात तो दिवस खर्चाचा. माझ्या मते हजेरीच्या आकड्यांना सक्षमीकरणाच्या रकान्यात बसवणं आता थांबवायला हवं. त्यांचा रकाना वेगळा असावा.

या गोंधळातून वाट काढण्याचा एक मोठा प्रयत्न 2012 च्या फेब्रुवारीत जगासमोर आला. यूएसएड, आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्था आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातला दारिद्र्य व मानवी विकासाचा अभ्यासगट यांनी मिळून शेतीतल्या स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा एक निर्देशांक तयार केला. आधी बांगलादेश, ग्वाटेमाला आणि युगांडा इथं तो पारखून घेतला होता. उत्पादनातले निर्णय, साधनसंपत्ती, उत्पन्नावरचा ताबा, समाजातलं नेतृत्व आणि वेळ, अशी पाच क्षेत्रं. त्यांत मिळून दहा निकष. दहापैकी वजनानं ऐंशी टक्के निकषांत जी पुरेशी ठरेल, ती सक्षम. या भागाला एकूण आकड्यात 90 टक्के वजन. उरलेले 10 टक्के त्याच घरातल्या पुरुषाशी तुलना करून येतात. पुढे योजनांच्या कामासाठी याचीच सुधारलेली आवृत्ती निघाली, 'प्रो-विआय' नावानं ओळखली जाणारी. दक्षिण आशिया आणि आफ्रिकेतल्या 13 प्रकल्पांच्या अनुभवातून ती बेतली गेली. तिच्यात बारा निकष आहेत आणि ते तीन प्रकारच्या बळांत विभागले आहेत : स्वतःच्या आतलं बळ, काही करून दाखवण्याचं बळ आणि इतरांच्या सोबतीनं येणारं बळ. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबांमध्ये संशोधकांनी मूळ निर्देशांक वापरून पाहिला आणि स्त्रीचं घरातलं स्थान व तिच्या अंगातलं लोहाचं प्रमाण यांचा संबंधही तपासला.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी अट. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून, तेच प्रश्न विचारायचे. आपल्याकडे कुटुंबप्रमुखाला विचारून घरादाराचा कागद भरण्याची सवय इतकी मुरलेली आहे, की ही अट कागदावर वाचताना कुणी थांबतही नाही. बोरीत ती पाळून पाहा. ओसरीवर मालक, आत सासू, दारात शेजारीण, आणि कोण आलंय ते बघायला जमलेली पोरं. बाईशी एकटीशी बोलायचं तर रानात जावं, पाण्याला जाताना सोबत करावी, नाहीतर दुपारी भांडी घासताना शेजारी बसावं. यासाठी वेळ लागतो आणि पाहणीच्या अंदाजपत्रकात तो वेळ कुणी धरत नाही. दिवसाला इतके कागद भरलेच पाहिजेत, असा तगादा लावला की ओसरीवरची उत्तरंच गोळा होतात.

शब्दांचाही प्रश्न आहे, आणि जमिनीच्या प्रश्नात तो सर्वांत जास्त नडतो. आमच्या भागात नवऱ्याला मालक म्हणतात. "या जमिनीचे मालक कोण?" असं विचारलं की बाई सरळ सांगते, "मालकच की." तिनं नवऱ्याचं नाव घेणं टाळलं की जमिनीची कायदेशीर स्थिती सांगितली, हे कागद भरणाऱ्याला कळायला मार्ग नाही. म्हणून 'सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत' असं विचारावं, आणि जमलं तर उतारा हातात घेऊन वाचावा. वाचताना कळतं की नाव असणं हीसुद्धा एक लांबलचक गोष्ट आहे. महाराष्ट्रानं 1994 साली आणि देशानं 2005 साली मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका वाटा दिला. तरी भावाच्या दारातलं येणं-जाणं टिकावं म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा उठवणाऱ्या बहिणी आजही प्रत्येक गावात आहेत. ती सही स्वखुशीची, असं पत्रातच लिहिलेलं असतं.

सरकारी आकडेही एकमेकांशी बोलत नाहीत. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहिती खातेदारांमध्ये स्त्रिया सुमारे 14 टक्के. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 43.3 टक्के स्त्रियांनी सांगितलं की घर किंवा जमीन आपल्या एकटीच्या वा सामाईक नावावर आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. एकानं शेती कोण कसतं ते खात्यावरून पाहिलं, दुसऱ्यानं घर धरून मालमत्तेबद्दल बाईच्या तोंडून ऐकलं. पण भाषणात ज्याला जो सोयीचा तो आकडा उचलला जातो. आकडा वाचण्याआधी प्रश्न काय विचारला होता ते वाचावं, एवढी एक सवय जरी या पुस्तिकेनं लागली तरी मला पुष्कळ वाटेल.

जमिनीचं हे मोजमाप आपल्याकडे परदेशी निर्देशांकाच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, हे आवर्जून सांगायला हवं. 1986 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. त्यानंतरच्या काही वर्षांत शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली : शेतकऱ्यानं आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून द्यावी. जमीन नावावर झालेल्या बायका किती, यावर गाव लक्ष्मीमुक्त ठरायचं. 1992 साली शासनानंही त्याच नावानं परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्याची सोय केली. तलाठ्याच्या दप्तरात जाऊन कुणीही पडताळून पाहावा, असा तो निकष होता. नाव लागलं म्हणजे घरात तिचं चालू लागलं, असं होत नाही, हे खरंच. पण पीककर्ज, विमा, अनुदान, सन्मान निधी, सगळ्यांची वाट त्या उताऱ्यावरून जाते. तिचं नाव नसेल तर या वाटेवर ती कायम कुणाच्या तरी मागून चालणार. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक आणलं होतं, त्याचाही रोख शेतकरी म्हणून तिला स्वतंत्र ओळख मिळावी याकडेच होता. 2013 साली ते व्यपगत झालं.

वेळेबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण योजनांचा सर्वांत जास्त भार इथेच पडतो. मूळ निर्देशांक बाईला काल पहाटेपासूनचे चोवीस तास आठवायला सांगतो; काम साडेदहा तासांच्या वर गेलं की ती त्या निकषात अपुरी. निकष चांगला आहे. पण कालचा दिवस कोणता होता? आषाढात पाऊस लागून राहिलेला असेल तर रान बंद. कापसाच्या वेचणीत तीच बाई पहाटे चारला उठून भाकरी थापते, उन्हं चढायच्या आत ओटी बांधून रानात असते. चैत्रात पुन्हा काम नाही, पण पाणी लांबून आणायचं. एकाच बाईला तीन मोसमांत तीनदा विचारलं तर तीन वेगळ्या बायका भेटतील. योजनेच्या आधीची पाहणी उन्हाळ्यात आणि नंतरची वेचणीत झाली, तर योजनेमुळे तिचं काम वाढलं असा निष्कर्ष निघेल. उलट झालं तर कमी झालं असा. म्हणून दोन्ही पाहण्या एकाच मोसमात घ्याव्यात. या बाबतीत तडजोड करू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यात घरकामाचा हिशेब धरा. देशपातळीवरच्या 2019 च्या वेळवापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देत होत्या आणि अशी कामं करणारे पुरुष 97. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. दोघांचीही मिनिटं घटली, तफावत होती तिथेच राहिली. अशा दिवसात गांडूळखताचा वाफा, परसबाग, दशपर्णी अर्काचा पिंप, गटाची बैठक आणि मोबाइलवरची नोंद हे सगळं तिच्याच पदरात टाकायचं आणि वर त्याला सक्षमीकरण म्हणायचं, हे मला पटत नाही. कोणतंही नवं काम तिला देताना तिचं जुनं कोणतं काम कोण उचलणार, हा प्रश्न योजनेच्या पहिल्या पानावर हवा.

काम कमी होणं हेही प्रत्येकीला सारखं नसतं. सोयाबीनमध्ये तणनाशक आलं आणि खुरपणीचे दिवस घटले. जिच्या घरची जमीन आहे तिची पाठ वाचली. जी दुसऱ्याच्या रानात रोजानं किंवा गुत्त्यानं खुरपते, तिचे भर पावसाळ्यातले कमाईचे दिवस गेले. साडेदहा तासांच्या निकषावर दोघींचीही प्रगती दिसेल. जिंतूर तालुक्यातल्या तांड्यांवरच्या आणि गावकुसाबाहेरच्या भूमिहीन बायकांच्या घरांत शेतीच्या योजना मुळातच फार कमी पोचतात, कारण लाभाची सुरुवात सातबाऱ्यापासून होते. त्यांना वगळून काढलेला सरासरीचा आकडा मी तरी गावाचा आकडा मानणार नाही.

आणखी एक जागा अशी आहे, जिथे मोजपट्टी अगदी उलटं बोलते. नवरा गेलेली बाई. पीक कोणतं घ्यायचं, कधी विकायचं, बाजाराला कोण जाणार, सगळ्याला तिचं उत्तर एकच, "मीच." तिन्ही प्रश्नांना खूण 'स्वतः'च्या चौकटीत. गुणांच्या बेरजेत ती गावात सर्वांत पुढे निघू शकते. महिला किसान अधिकार मंचानं विदर्भ-मराठवाड्याच्या 11 जिल्ह्यांत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या 505 पत्नींशी बोलून 2018 मध्ये एक पाहणी केली. त्यांतल्या 40 टक्के बायकांच्या नावावर नवरा कसत असलेली जमीन तोवर झालेली नव्हती. 'मीच' हे उत्तर देणारी बाई आणि सासऱ्याच्या नावावरच्या रानात राबणारी बाई एकच असते. बोरीच्या बाजाराला एकटी जाते, या उत्तरालाही दोन अर्थ आहेत. कुणी अडवत नाही म्हणून एकटी, की जायला दुसरं कुणी उरलं नाही म्हणून एकटी? नवीन निर्देशांकात यासाठी एक चांगली युक्ती आहे. छोट्या गोष्टी सांगून विचारतात : एक बाई अमुक पीक घेते कारण नाहीतर घरात कटकट होईल, दुसरी घेते कारण चार लोक नावं ठेवतील, तिसरी घेते कारण तिला ते योग्य वाटतं, तुम्ही कुणासारख्या? गोष्टीतल्या बाईच्या आडून स्वतःबद्दल बोलणं सोपं जातं. आपल्याकडे जात्यावर बसून हेच तर चालायचं.

इतक्या अडचणी आहेत तर मोजावंच कशाला, असं मला एका तरुण कार्यकर्तीनं तळमळून विचारलं होतं. तिची तक्रार अशी की बायकांचं आयुष्य चौकटींत घालणं हाच त्यांचा अपमान आहे. मला तिची भावना कळते, पण मी तिच्याशी सहमत नाही. न मोजलेल्या गोष्टीला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही. घरकामाची मिनिटं मोजली गेली नव्हती तोवर त्यांच्याबद्दल बोलणारीला लोक घरातली कुरकुर समजत. खात्यांतली 14 टक्के नावं मोजली गेली म्हणून तरी आज नावाबद्दल बोलता येतं. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. या वर्षात आकड्यांचा पाऊस पडेल. ते आकडे गोळा करणारे हात आपल्या ताईंचे असतील, तर ते नीट गोळा व्हावेत, आणि ज्या गावातून नेले त्या गावाच्या ग्रामसभेत एकदा तरी मोठ्यानं वाचले जावेत. आजवर मी भरलेल्या कागदांपैकी एकाचंही फळ ज्या बाईनं उत्तर दिलं तिच्यापर्यंत परत गेलं नाही. याची टोचणी मला आहे आणि या पुस्तिकेमागचं एक कारण तेही आहे.

पुढच्या प्रकरणांतले नमुना प्रश्न त्यामुळे नेहमीपेक्षा लांब आहेत. 'कोण ठरवतं' याच्या जोडीला 'शेवटी मतं वेगळी पडली ती कधी, आणि मग काय झालं' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आहे. उत्तरासाठी चौकट आहे, आणि चौकटीखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तो पुढच्या वर्षी, त्याच रानात, त्याच बाईंना. कापसाला बोंडं धरली होती. मागच्या वर्षीचा कापूस विकला त्या दिवशीचं सगळं सांगा, म्हटलं. गाडी कधी भरली, तुम्ही कुठे होतात, तुमच्या मनात काय होतं, तोंडानं काय बोललात. त्यांनी खुरपं मातीत रोवलं, हात झटकले आणि पात अर्धी सोडून बांधावर येऊन बसल्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला संक्रांतीपर्यंत ठिवायचा व्हता." तिथून पुढे अर्धा तास त्या सांगत होत्या.